उग्र वास सोसत नसेल, तर खेड्यात कसे राहावे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका संध्याकाळी सात-आठ घरे करावी लागतात आणि प्रत्येक घरी तीळगुळाबरोबर हातावर अत्तराचे बोट फिरते. माझे डोके साधारण चौथ्या घरी ठणकू लागे. उरलेली घरे मी कशीबशी उरकत असे आणि परतल्यावर दिवा न लावता माजघरात पडून राहत असे. "बाई, अत्तरानं कोणाचं डोस्कं दुखते काय?" असे सासूबाई विचारत, त्या विचारण्यात रागापेक्षा नवल अधिक असे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात असा त्रास होणारी मी एकटी नाही, हे पुढे कळले. कोणाला फिनाईल सोसत नाही, कोणाला कापूर, तर कोणाला कपाशीवरची फवारणी. शेजार, देव, शेत आणि सोयरे यांपैकी काहीही न सोडता या त्रासासह कसे राहता येते, ते स्वतःच्या अनुभवावरून आणि डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या माहितीवरून क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: आपला त्रास कोणत्या जातीचा, ते ओळखावे

नाकात दोन वेगळ्या नसा काम करतात. एक वास ओळखते. दुसरी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी असून झोंबणे, चुरचुरणे आणि गारवा ती कळवते. फोडणीत मिरची करपली की सर्दीमुळे ज्याला वासच येत नाही त्यालाही ठसका लागतो, तो या दुसऱ्या नसेमुळे. म्हणूनच आपण सरसकट ज्याला 'वासाची ॲलर्जी' म्हणतो ती बहुतेक वेळा काटेकोर अर्थाने ॲलर्जी नसते, आणि ॲलर्जीची रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून त्रास खोटा ठरत नाही. अर्धशिशी असणाऱ्या अनेकांना डोके दुखण्याच्या आधी किंवा दुखत असताना वास नकोसा होतो. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका धुराने आणि तीव्र वासाने आवळतात. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रोजचीच फोडणी असह्य होते. कोविडनंतर काही जणांना कांदा, कॉफी किंवा तळणाचा वास कुजका येऊ लागला. तो वास बदलण्याचा विकार असून बराच काळ टिकू शकतो.

सुगंधी साबण, क्रीम किंवा अत्तराने कातडीवर खाज आणि पुरळ येत असेल, तर मात्र ती खरी ॲलर्जी असू शकते. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी कातडी पुन्हा तपासतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्यास या तपासणीची चौकशी त्वचारोग विभागात करावी.

दुसरी पायरी: महिनाभर वही लिहावी

हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे गेलो तर सगळे अंदाजाने चालते. शाळेची साधी वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत: वेळ, वास कशाचा व किती जवळून, त्रास कधी सुरू झाला, कधी थांबला. शेवटी झोप, जेवण, पाळी आणि ऊन यांची नोंद करावी. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "अंगारकी, उपवास. सकाळी सव्वासात, देवघरात दोन उदबत्त्या, दार लोटलेले. आठ वाजता डाव्या डोळ्यामागे ठणका." उदबत्तीला मी वर्षानुवर्षे दोष देत आले होते. महिन्याची पाने शेजारी ठेवून पाहिली तेव्हा पोटभर जेवले आणि नीट झोपले त्या दिवशी तीच उदबत्ती काहीच करत नव्हती, असे दिसले. डोके उठले ते उपवासाच्या किंवा जागरणाच्या दिवशी. कापूर, फिनाईल आणि अत्तर यांनी मात्र प्रत्येक वेळी त्रास दिला होता. अकरा वासांची यादी तीनवर आली, आणि तीन वास टाळणे माणसाला जमू शकते.

कोणत्या वासाला 'माझा त्रास' म्हणू नये

या त्रासाची एक खोड अशी की, सारखे "तुलाच वास येतो" ऐकून माणूस स्वतःच्या नाकावरचा विश्वास गमावतो. काही वास धोक्याची घंटा असतात आणि ते आले तर घरातल्यांनी हसले तरी बोललेच पाहिजे.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी रसायन मुद्दाम मिसळतात. हा वास आल्यास शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या त्याहून घातक आहेत. हवेतला ओलावा लागताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्याचा वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये. ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे, किंवा तिला लागून असलेल्या कोठीत, या गोळ्या घातलेले पोते कधीही ठेवू नये.

शौचालय धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा बंद जागेत तो निरोगी माणसालाही गुदमरवतो.

घरात हवेची वाट मोकळी करावी

वास घालवण्यासाठी दुसरा वास आणण्याची आपल्याकडे रीत आहे: गोठ्याच्या वासावर धूप, धुपावर रूम फ्रेशनर. ती सर्वांत आधी बंद करावी. डोके दुखल्यावर कपाळाला चोळायचा बामही उग्र वासाचाच असतो आणि माझ्यासारखीचे दुखणे तो वाढवतो. थंड पाण्याची घडी त्यापेक्षा बरी.

घरातली एक खोली बिनवासाची ठरवावी. तीत उदबत्ती, पावडर, मच्छर कॉइल आणि फवारणीचे कपडे यांना मज्जाव असावा. ही खोली निवडताना वारा पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतांशी पश्चिम-नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात उत्तर-ईशान्येकडून वाहतो. चूल, न्हाणी किंवा गोठा ज्या बाजूला असेल त्या बाजूने ज्या ऋतूत वारा येतो, त्या ऋतूत तिकडची खिडकी लावून घ्यावी आणि समोरची उघडी ठेवावी. पऱ्हाट्या आणि तुराट्यांची चूल अजून चालू असेल, तर ती अंगणातल्या छपरीत हलवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही महागड्या उपकरणाने पडत नाही.

कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर टाकते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. ट्रंकेतल्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. वैशाखातल्या उन्हात कपडे दोन दिवस वाळवून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह घडी घातले तरी चालतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर या गोळ्या मुळीच नकोत, कारण जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्यामुळे फुटू शकतात. फरशीला फिनाईलऐवजी गरम पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा पुरतो.

साबण किंवा डिटर्जंट घेताना वेष्टनावर 'परफ्यूम', 'पर्फम' किंवा 'फ्रेग्रन्स' हा घटक लिहिला आहे का, ते पाहावे. 'अनसेंटेड' लिहिलेल्या मालात मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रेग्रन्स-फ्री' हा शब्द अधिक भरवशाचा. गावच्या किराणा दुकानात हे मिळत नाही, ही खरी अडचण आहे. मी तालुक्याला गेले की चार महिन्यांचा साठा आणते.

मिरची कुटायच्या दिवशी घरात थांबण्याचा हट्ट धरू नये. भिवापुरी असो की आणखी कोणती, ती गिरणीवरच द्यावी आणि आणायलाही दुसऱ्याला पाठवावे.

फवारणीचे दिवस

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर एकामागून एक फवारण्या होतात. हा केवळ नावडत्या वासाचा प्रश्न नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

तोंडाला बांधलेला रुमाल या वाफा अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी धूळ आणि बारीक कण अडवते, वायू नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. तेव्हा आपल्यासाठी खरा उपाय अंतर हाच आहे, आणि अंतर ठेवायचे तर फवारणी कधी आहे ते आधी कळले पाहिजे. आमच्या परसाला लागून ज्यांचे वावर आहे त्यांच्याकडे मी जूनमध्येच गेले आणि म्हणाले, "भाऊ, आमच्या बांधाकडं फवारायच्या आधी एक फोन करजा, मी खिडक्या लावून घेतो." ते म्हणाले, "करतो ना वहिनी, त्यात काय मोठं." पहिल्या दोन वेळा ते विसरले, पण तेव्हापासून त्यांचा फोन चुकत नाही. आपल्या घरचा माणूस फवारून आला तर त्याने बाहेरच कपडे बदलावेत, साबणाने आंघोळ करून मगच आत यावे, आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

फवारणीनंतर कोणालाही घाम सुटणे, लाळ गळणे, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे किंवा धाप लागणे असे दिसले, तर वासाचा त्रास म्हणून झोपवून ठेवू नये. १०८ वर फोन करावा आणि औषधाचा डबा रुग्णालयात सोबत न्यावा.

लोकांना कसे सांगावे

भर कार्यक्रमात नाक मुरडणे हा अपमान वाटतो. आदल्या दिवशी एका वाक्यात केलेली विनंती बहुतेकांना पटते. "मला सुगंध चालत नाही" यापेक्षा "कापराने माझे डोके उठते, आरतीच्या वेळी मी ओसरीत उभी राहीन" हे वाक्य चांगले, कारण त्यात समोरच्याला काही सोडावे लागत नाही. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत धूप असणारच. तेव्हा दाराजवळचे काम मागून घ्यावे. हळदीकुंकवाला मी आता कुंकू लावून घेते, वाण घेते आणि अत्तराच्या वेळी हात जोडते. तरीही कोणी लाडाने बोट फिरवलेच, तर नुसत्या साबणाने अत्तर जात नाही. आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळावेत, पुसावेत आणि मग साबण लावावा, कारण अत्तर तेलात सहज उतरते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

श्वासात शिट्टी वाजते, रात्री खोकल्याने जाग येते, डोकेदुखी महिन्यातून चार-पाच वेळा कामावरून उठवते, किंवा कोठेच काही जळत नसताना जळका वास वारंवार येतो, यांपैकी काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात वही घेऊन जावे. दम्याचा पंप लिहून दिला असेल तर बरे वाटताच स्वतःच्या मनाने बंद करू नये. किराणा दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घेण्याची सवयही आवरावी. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी लागू लागली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. एसटीत डिझेलचा वास मागच्या बाजूला अधिक येतो, म्हणून चालकामागची दुसरी-तिसरी ओळ आणि खिडकी पकडावी. उपाशीपोटी निघू नये. पिशवीत पाण्याची बाटली, बिनवासाच्या साबणाचा तुकडा, खोबरेलची लहान डबी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी ठेवावी. शेजारी गजरा माळलेली बाई बसली, तर वाहकाला विचारून जागा बदलावी; गर्दी असेल तर तिलाच विचारावे. माझ्याबरोबर एकदा वणीपर्यंत बसलेल्या मावशींनी गजरा काढून पिशवीत ठेवला आणि स्टँड आल्यावर परत माळला.