निळ्या पेन्सिलीची दुपार

सेन्सॉरशिप म्हणजे काय, हे पोरांना सांगून कळत नाही. ती करायला लावावी लागते. शिरोड्याकडच्या आमच्या वाचनालयात मी दर मे महिन्यात हा खेळ घेतो. तुम्हालाही घेता यावा म्हणून लिहून ठेवतोय. बत्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेत, त्यामुळे मध्येच विषय सोडून बोललो तर सांभाळून घ्या.

दहा-बारा पोरं पुरेत. पाठकोरे कागद, गोंद, कात्री आणि सुताराच्या कानावर असते ती लाल-निळी पेन्सिल आणा. आपल्याला निळं टोक हवंय. पोर्तुगालात 1926 ते 1974 अशी 48 वर्षं वर्तमानपत्रांची प्रुफं, म्हणजे छापण्याआधीचे तपासणीचे कागद, निळ्या पेन्सिलीनेच कापली जात. इतकी, की तिकडे ‘निळी पेन्सिल’ म्हटलं की सेन्सॉर असाच अर्थ झाला. आता इतक्या देशांत पोर्तुगालच का? तर तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, 19 डिसेंबर 1961 पर्यंत राज्य त्यांचंच होतं. माझी आजी पेडण्याची. लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी साहेबाला दाखवून आणावी लागली, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

मग शिक्के. अर्धा बटाटा घ्या आणि त्यावर एकच अक्षर कोरा: मंजूरचा ‘मं’, काटछाटीसह मंजूरचा ‘का’, रोखून ठेवलेल्याचा ‘रो’. तिकडे असेच वेगवेगळे शिक्के असत. अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे ‘का’चा काना डावीकडे. पोरं हमखास सुलटा कोरतात. कोरू द्या, छाप बघून आपोआप कळतं. दुसरा बटाटा मात्र जवळ ठेवा.

चौघांना संपादक करा, दोघांना सेन्सॉर. बाकीचे वाचक. वाचकांना बाहेर पडवीत बसवा, त्यांच्या कानावर काही जाता कामा नये. संपादकांना चार बातम्या द्या: बांगड्याचा भाव, शाळेचं गॅदरिंग, रखडलेली जेटी आणि पूर. पुराची बातमी नीट लिहा, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. मी 1967 च्या नोव्हेंबरातला लिस्बनचा पूर सांगतो. एका रात्रीत नदीनाल्यांकाठच्या गरीब वस्त्या वाहून गेल्या. सरकारी आकडा 462 वर थांबला. मेलेले सातशेच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. मेलेल्यांची बातमी सौम्य करत न्या, हे सेन्सॉरने वर्तमानपत्रांना बजावलं होतं. चिपळूणचं पाणी पाहिलेल्या पोरांना यापुढे काही समजवावं लागत नाही.

सेन्सॉरांच्या कानात हुकूम सांगा: आकडा नको, वस्तीचं नाव नको, वाईट वाटेल असं काही नको. अर्ध्या तासाने हुकूम बदला आणि संपादकांना पत्ता लागू देऊ नका. तिथले सेन्सॉर बहुतेक लष्करी अधिकारी होते. आमच्याकडे हे काम नेहमी वर्गातली सगळ्यात शहाणी मुलगी मागून घेते.

खरी गोम आता येते. कापलेली जागा कोरी सोडायची नाही. पोर्तुगालात कोरी जागा सोडायला बंदीच होती, कारण भोक दिसलं की वाचक विचारणार. तेव्हा संपादकांनी तिथे काहीतरी भरायचं: सुविचार, आंब्याच्या साठांची कृती, काहीही. गेल्या वर्षी एक पोरगा कापलेलं प्रूफ हातात धरून माझ्यावरच उखडला, “काका, ह्यां कित्याक कापलास? ह्यात खोटा काय आसा?” मी म्हटलं, खोटं काहीच नाही, म्हणूनच. 1933 साली 11 एप्रिलला पोर्तुगालची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यात विचारस्वातंत्र्य होतं. त्याच तारखेच्या दुसऱ्या हुकमाने पूर्वतपासणी आली, लोकमत बिघडू नये म्हणून! हे सांगितलं की पोरं हसतात.

उरलेला मजकूर चिकटवून पान लागलं की वाचकांना आत बोलवा आणि एकच प्रश्न विचारा: काय नाहीये? पहिल्या वेळी कुणाला सांगता येत नाही. मग युक्ती शिकवा. पानावर जे उगाच आलंय ते शोधा. हे मला पोर्तुगीजांनी नाही शिकवलं. आमच्याच छापखान्यात एका साप्ताहिकाचं पान मशीनवर चढल्यावर रात्री फोन आला आणि वाळूच्या बातमीचा अख्खा मजकूर काढायला लावला. फोन जाहिरातदाराचा. सोळा ओळींची जागा मी ‘पावसाळ्यात घ्यावयाची काळजी’ने भरली. डिसेंबर चालू होता. एकाही वाचकाने विचारलं नाही.

दुसरी फेरी टाळू नका. हुकूम तेच, पण या वेळी वीस मिनिटांत पान न लागलं तर अंक नेणारी एसटी चुकली असं जाहीर करा. प्रूफ अडकून अंक उशिरा निघाला तर तो कोण घेणार? या फेरीत संपादक पूर स्वतःच गाळतात. निळ्या पेन्सिलीला काम उरत नाही, सेन्सॉर बसून जांभया देतात. इथे खेळ थांबवा, पाच मिनिटं काही बोलू नका. कोकम सरबत द्या.

शेवटी पूर्ण बातमीचं पान लावून घ्या. 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैन्याने सत्ता उलथवली, त्या दिवशी ‘रेपुब्लिका’ या दैनिकाने पहिल्या पानावर छापलं होतं की हा अंक कोणत्याही सेन्सॉर समितीने तपासलेला नाही. तशी ओळ पोरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

कापलेली प्रुफं रद्दीत टाकू नका. तिकडच्या काही वर्तमानपत्रांनी ती जपली, म्हणून आज काय कापलं ते कळतं. आम्ही ती फळ्यावर चांगल्या पानाशेजारी टाचतो. यंदा दोन दिवसांनी बघितलं तर जेटीच्या बातमीची टाचणी तेवढी उरली होती, कागद नव्हता. वारा असेल. मी दुसरी झेरॉक्स लावली, चार टाचण्या मारून.