ल्यूटसाठी तात की कृत्रिम तार?

नाशिकमध्ये ल्यूट हे बोटांनी छेडायचे जुने युरोपीय तंतुवाद्य वाजवणाऱ्याने तार निवडताना आधी इथल्या हवेचा विचार करावा. मेंढीच्या आतड्याची तात ओलावा शोषून घेते, त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिचा सूर सतत हलतो. सर्वांत बारीक असलेली पहिली तार तर लवकर तुटतेही. म्हणून पावसाळ्यात सगळ्या तारा कृत्रिम ठेवाव्यात आणि हिवाळा आला की मधल्या दुहेरी तारांच्या जागी तात चढवावी, कारण तातीच्या नादातली ऊब आणि बोटाला मिळणारी पकड मला अन्य कशातही सापडलेली नाही.

बदल करताना मात्र जुनीच जाडी डोळे मिटून मागवू नये. नायलॉनची घनता तातीपेक्षा कमी असल्याने त्याच सुराला आणि त्याच ताणाला ०.४२ मिलिमीटर तातीच्या जागी सुमारे ०.४५ मिलिमीटरची तार लागते, तर कार्बन नावाने मिळणारी अधिक घनतेची तार ०.३६ च्या आसपास पुरते. नायलगट या तातीसारख्या बनवलेल्या कृत्रिम तारेची घनता तातीच्या जवळची असल्यामुळे तिथे जाडी जवळपास तीच चालते. नवी कृत्रिम तार पहिले काही दिवस ताणत राहते, तेव्हा ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नये.