खनिज मिश्रण घमेल्यातच उरतं? असं चारा

दुभत्या उस्मानाबादी शेळीला रोज १० ते १५ ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. पण कोरड्या भरड्यावर नुसतं भुरभुरलं की शेळी दाणे वेचून खाते आणि विकतची पावडर तळाला राहते.

१. मक्याचा भरडा आणि सरकी पेंड मूठ वळेल इतकीच ओली करा. पाणी सुटायला नको.
२. पावडर आणि चिमूटभर मीठ टाकून बोटांनी चोळा, दाण्यादाण्याला चिकटली पाहिजे.
३. धार काढताना एकेकीला वेगळं द्या. कळपात दांडगी शेळी गरिबाचा वाटा ओढते.

तुरीचं भुसकट, हिरवा पाला नेहमीसारखाच.

उरलेली ओली आंबोण (हा भिजवलेला भरडा-पेंड) लगेच काढा. आपल्याकडच्या उन्हात ती दुपारपर्यंत आंबते, मग पोट बिघडलंच म्हणून समजा.