पानं खाल्ली गेली पाहिजेत: देशी झाडांची, जिवांसाठी केलेली घरची बाग

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की बहुतेक जण आधी फुलझाडं आणतात. फुलं आली की फुलपाखरं येतात हे खरं, पण ती मध पिऊन निघून जातात. ती राहावीत, अंडी घालावीत, पुढची पिढी तिथेच वाढावी असं वाटत असेल तर पानांचा विचार आधी करावा लागतो. मादी हवी तीच वनस्पती शोधते, पायांनी पान चाचपून पाहते आणि पटलं तरच अंडं घालते. ती वनस्पती बागेत नसेल तर फुलांचा कितीही बहर असला तरी काही उपयोग नाही. पक्ष्यांचंही तसंच. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच भरवते. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, त्या बागेत पिल्लांना भरवायलाही काही नाही.

परदेशी शोभेची झाडं इथे कमी पडतात ती याचसाठी. झाडाच्या पानात कीटकांपासून बचावासाठी रसायनं असतात. ती पचवण्याची ताकद इथल्या अळ्यांनी इथल्या झाडांबरोबर लाखो वर्षांत कमावलेली आहे. नव्या झाडाचं पान बहुतेक अळ्यांना खाताच येत नाही. कधी त्याहून वाईट घडतं. ऑस्ट्रेलियातल्या रिचमंड बर्डविंग या फुलपाखराची मादी शोभेसाठी आणलेल्या परदेशी ईश्वरीच्या वेलीवर फसून अंडी घालते, आणि ती पानं खाऊन अळ्या मरतात. आपल्याकडे ईश्वरी लावायची तर इथलीच सापसंद लावावी, मोठ्या चट्टेरी फुलांच्या शोभेच्या वेली टाळाव्यात.

कोणत्या जिवासाठी कोणतं झाड

खाली प्रत्येक झाडापुढे, ज्यांच्या अळ्या त्यावर वाढतात त्या फुलपाखरांची नावं दिली आहेत. ही झाडं महाराष्ट्रात बऱ्याच भागांत रुजतात. तरी लावण्याआधी एकदा आजूबाजूचं माळरान, ओढ्याकाठ, जुनी कुंपणं पाहून या. तिथे आपसूक वाढलेलं देशी झुडूप तुमच्या मातीत हमखास तगतं.

कढीपत्ता: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. सुरुवात करायला याहून सोपं झाड नाही. किमान तीन रोपं लावा. शेवटच्या अवस्थेतली अळी इतकं खाते की चार-पाच अळ्या एका लहान रोपाच्या नुसत्या काड्या ठेवतात. रोप एकच असेल तर अळ्याही उपाशी आणि तुम्हीही वैतागलेले.

माकडलिंबू किंवा लिंबू-पपनसाच्या कुळातलं झाड: राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं ते हेच. त्याला जरा सावली, ओलावा आणि जवळपास मोठी झाडं लागतात. कोकणात आणि घाटमाथ्याजवळ ते येण्याची शक्यता जास्त, कोरड्या पठारावर कमी.

सापसंद (ईश्वरी): कॉमन रोज, क्रिमसन रोज. वेल बारीक असते, जाळीवर किंवा करवंदासारख्या झुडपावर चढवता येते. पाळंमुळं औषधी म्हणून पोटात घेऊ नका. या कुळातल्या वनस्पतींमधल्या द्रव्याने मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात.

रुई: प्लेन टायगर. रुईऐवजी अनेकदा हळदीकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं रोप सुचवलं जातं. ते अमेरिकेतलं आहे, शिवाय बी वाऱ्याने उडून पसरतं. रुई मोठी वाटत असेल तर वर्षातून एकदा गुडघाभर उंचीवर छाटा, ती पुन्हा फुटते. छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

कोरांटी: लेमन पॅन्सी, ब्ल्यू पॅन्सी, पीकॉक पॅन्सी. पावसाळा संपताना फुलते, त्यामुळे पान आणि मध दोन्ही देते. कुंडीत छान राहते.

चित्रक: झेब्रा ब्लू. अंडी कळ्यांवर असतात, म्हणून फुलोरा खुडू नका.

बहावा: एमिग्रंट जातीची पिवळी-पांढरी फुलपाखरं. जागा असेल तरच; हे झाड आहे, झुडूप नव्हे.

आणि जे आपसूक उगवतं ते: घोळ, आंबुशी, चिकणा, टाकळा. डॅनाइड एगफ्लायची मादी घोळीवर अंडी घालते, पेल ग्रास ब्लू आंबुशीवर. तण म्हणून यांना सरसकट उपटणं ही नव्या बागेतली सर्वांत मोठी नासाडी. बागेचा एक कोपरा खुरप्याविना सोडा. तिथून फक्त गाजरगवत, रानमोडी आणि सुबाभळीची रोपं काढत राहा.

मधासाठी धायटी, अडुळसा, मुरुडशेंग, निर्गुडी, दिंडा, कुडा, भारंगी. धायटीची लाल फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी, त्यावर दिवसभर असतात. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या सकाळी याच मंजिऱ्यांवर येतात. खुळखुळा आणि भुरुंडी या दोन साध्या वनस्पती टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांच्या नरांना ओढून आणतात. सुकत आलेल्या पानाफांद्यांतून ते जी द्रव्यं शोषतात, त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो.

फळांसाठी करवंद, बोर, भोकर, तोरण. उंबर आणि वड पक्ष्यांना फार प्रिय, पण घराच्या भिंतीपासून दहा मीटरच्या आत लावू नका. मुळं पाया आणि गटारं फोडतात.

घाणेरीवर फुलपाखरं गर्दी करतात, म्हणून ती लावावी असं कुणी सांगितलं तरी लावू नका. फळं बुलबुल खातात, बिया जंगलात टाकतात आणि तिथे घाणेरी इतर काहीच उगवू देत नाही.

मांडणी

दहा फूट बाय दहा फूट उन्हाची जागा असेल तर मागच्या कडेला एक धायटी आणि एक अडुळसा, दोघांत पाच-सहा फूट. मधल्या ओळीत तीन कढीपत्ते, तीन-तीन फुटांवर. पुढे कोरांटी पाच, दोन-दोन फुटांवर, एकाच घोळक्यात. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एका जातीची तीन ते पाच एकत्र लावली तर मादीला ती लांबून सापडतात. एका कोपऱ्यात जाळीवर सापसंद, उरलेल्या कडेला चित्रक आणि तुळस. दिवसातून किमान पाच तास ऊन हवं. त्याहून कमी असेल तर अडुळसा, चित्रक आणि माकडलिंबूवर भर द्या.

गॅलरीत कढीपत्त्याला 14 ते 16 इंची कुंडी, कोरांटी-चित्रकाला 10 ते 12 इंची. माती चार भाग, जाड वाळू दोन, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन. यापेक्षा जास्त खत घालू नका. देशी झुडपं हलक्या मातीची आहेत. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, मावा धरतो, फुलं मात्र कमी येतात.

रोपं कुठून आणायची

जंगलातून उपटून नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही काढणं गुन्हा आहे, आणि उपटलेलं जुनं झुडूप सहसा जगतही नाही. रस्त्याकडेच्या झाडांखाली पडलेल्या शेंगा-फळं उचला, किंवा देशी रोपं करणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या.

नेहमीच्या रोपवाटिकेतल्या रोपांची एक अडचण असते. त्यांवर बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक वापरलेलं असतं. ते मुळांतून पानांत आणि मधातही उतरतं आणि कित्येक आठवडे तिथे राहतं. अशा रोपावर घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि एक-दोन दिवसांत काळ्या पडून मरतात. फवारणीबद्दल विचारा. उत्तर ठाम नसेल तर रोप दोन-तीन महिने जाळीखाली ठेवा, आधीची पानं छाटून टाका आणि नवी फूट आल्यावरच जाळी काढा.

बियांची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बहाव्याचं बी कठीण असतं. टरफल सॅन्डपेपरवर एका बाजूला घासा, चोवीस तास पाण्यात भिजवा, फुगलेली बी तेवढी पेरा. करवंद आणि जांभळाचं बी वाळलं की मरतं; गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा. धायटीचं बी धुळीसारखं बारीक असतं, ते मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका. अडुळसा, निर्गुडी, कोरांटी आणि चित्रक मात्र फांदीपासून येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, 15 ते 20 सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, निम्मी मातीत खोचा, सावलीत ठेवा.

लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. झुडपाला 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. मुरमाड जमिनीत खड्डा मोठा घ्या, पण तो संपूर्ण खताने भरू नका, नाहीतर मुळं खड्ड्यातच फिरत राहतात. पहिला उन्हाळा पाणी लागतं: आठवड्यातून दोनदा भरपूर, रोज शिंपडून नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापासून बरीचशी झुडपं पंधरा दिवसांच्या पाण्यावर निभावतात.

पाणी, माती, वाळकं लाकूड

पक्ष्यांसाठी उथळ, खरखरीत मातीचं परात-भांडं. मध्ये पाणी 4-5 सेंमी, कडेला 1-2. आत दोन दगड, म्हणजे मधमाश्यांना टेकायला जागा होते. पाणी दर दोन दिवसांनी बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासा. नुसतं ओतून टाकणं पुरत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही जिवंत राहतात. मांजरांची ये-जा असेल तर भांडं दाट झुडपापासून दोन मीटर लांब ठेवा.

फुलपाखरांना पाण्यापेक्षा ओली माती हवी असते. एका थाळीत वाळू-माती भरून चिमूटभर मीठ मिसळा आणि ती सतत ओली ठेवा. नर क्षार शोषायला उतरतात.

एकट्या राहणाऱ्या बहुतेक मधमाश्या जमिनीत बिळं करतात. म्हणून सगळ्या बागेवर पालापाचोळा पसरू नका. उन्हातला दोन फूट बाय दोन फूट तुकडा उघडा, न खणलेला ठेवा. बाकीच्या ठिकाणी पाचोळ्याचा पाच-सात सेंमी थर चांगला, खोडापासून मात्र वीतभर लांब. पोकळीत राहणाऱ्या माश्यांसाठी बांबूचे 12 ते 15 सेंमी लांबीचे तुकडे कापा, मागचं टोक पेराने बंद, आतला व्यास 3 ते 10 मिमी, तोंड सॅन्डपेपरने गुळगुळीत. जुडी बांधून सकाळचं ऊन मिळेल अशी, पावसाची झड लागणार नाही अशा जागी, छातीच्या उंचीवर घट्ट बसवा. लोंबकळणाऱ्या जुडीत त्या येत नाहीत. दमट हवेत नळ्यांना बुरशी लागते. दर एक-दोन वर्षांनी रिकाम्या झालेल्या नळ्या बदला.

अळ्या ओळखायच्या कशा

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुसण्याआधी वाकून बघा. तपकिरी, मध्ये पांढरा डाग, ओलसर चमक: ती लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. ती पानाच्या वरच्या बाजूला उघडी बसून राहते. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. हात लावला तर डोक्यामागून लालसर दुबेळकं काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत जास्त. पुरेसं खाल्ल्यावर ती झाड सोडून जाते आणि जवळच्या काडीला, कुंडीच्या कडेला, भिंतीला रेशमी पट्टा बांधून कोष करते. अळ्या अचानक दिसेनाशा झाल्या की लोक घाबरतात. निम्म्या वेळा त्या कोष करायला गेलेल्या असतात. उरलेल्या वेळा गांधीलमाशीने किंवा शिंपी पक्ष्याने नेलेल्या असतात, आणि तेही ठीकच आहे, कारण बाग त्यांचीही आहे.

रुईवर पिवळा मावा येतो. फवारणी करू नका. पाण्याचा जोरदार झोत मारा, पण आधी पानाखाली अळ्या नाहीत ना ते पाहा. ढालकिडे आठवड्या-दोन आठवड्यांत येऊन बाकीचं काम करतात. निंबोळी अर्क आणि बीटी जिवाणूची पावडर यांना सेंद्रिय म्हणतात, पण दोन्हींनी सुरवंट मरतात. एका बाजूला फुलपाखरांची झाडं आणि दुसऱ्या बाजूला फवारलेला भाजीचा वाफा असं जमत नाही. वाऱ्याने फवारा उडतो.

छाटणी आणि रात्र

सगळी बाग एकदम छाटू नका. एका वेळी तिसरा हिस्सा, आणि पुढचा किमान सहा आठवड्यांनी. छाटलेल्या फांद्या लगेच उचलू नका; आठवडाभर झाडाखालीच पसरून ठेवा, म्हणजे त्यांवरच्या अळ्या वर चढतात. शिंजिराचं घरटं फांदीच्या टोकाला कचऱ्याच्या लोंबत्या गुंत्यासारखं दिसतं आणि शिंप्याचं मोठ्या पानांच्या शिवणीत लपलेलं असतं. कात्री लावण्याआधी आतून हात फिरवून खात्री करा. घरटं असेल तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत सोडून द्या.

बागेकडे तोंड असलेला पांढरा दिवा रात्री बंद ठेवा. पतंग त्याभोवती फिरत थकून पडतात आणि फुलांवर जात नाहीत. मोठ्या काचेच्या खिडकीत झाडांचं प्रतिबिंब पडत असेल तर पक्षी आपटतात. काचेला बाहेरून पाच-पाच सेंमी अंतरावर ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा. आतून चिकटवल्या तर प्रतिबिंब तसंच राहतं.