आवाज नेमका कुठे कमी करायचा: गाणी वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये की अ‍ॅम्प्लिफायरवर?

अ‍ॅम्प्लिफायरला नॉब असेल तर प्लेअर १०० टक्क्यांवर ठेवा आणि आवाज नॉबनेच सांभाळा. मात्र नॉब अगदी तळाशी असताना डावा-उजवा समतोल बिघडतो.

प्लेअरमधून कमी करायचा असेल तर त्याचं आउटपुट २४ बिटवर हवं (जितके बिट जास्त, तितके आवाजातले बारकावे जास्त). दर ६ डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो; त्यामुळे १६ बिटचं गाणं, वरचे ८ बिट हाताशी असल्याने, ४८ डेसिबलपर्यंत कमी केलं तरी शाबूत राहतं. मात्र डॅकची (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या उपकरणाची) स्वतःची खरखर तेवढीच राहते, ती काही कमी होत नाही. सतत ४० डेसिबल खाली ऐकत असाल तर डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये १० ते २० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) लावा. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (ज्याला सहसा आवाजाचा नॉब नसतो) थेट डॅकला जोडलेला असेल तर अ‍ॅटेन्युएटर हवाच: अपडेटनंतर प्लेअरचं सेटिंग १०० टक्क्यांवर गेलं, तर स्पीकरमधला ट्विटर (उंच सूर वाजवणारा भाग) जळू शकतो.