उन्हाळ्यात नाल्याचं पाणी उपसण्याआधी

मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि कारखान्यांच्या पट्ट्यात नाल्यावर मोटारी बसतात. त्या पाण्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असू शकतं. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून विरघळलेले धातू निघतील याची खात्री देता येत नाही. सिंचनाच्या पाण्यासाठी कॅडमियमची शिफारस केलेली मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि पालक, मेथी, माठ ते पानांत झपाट्याने ओढतात. म्हणून आधी तपासणी करा. पाण्याच्या नेहमीच्या अहवालात सामू (पीएच) आणि क्षार असतात, धातू नसतात. ते वेगळे मागावे लागतात, नमुन्याची बाटलीही प्रयोगशाळेकडूनच घ्या.

नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा धातू धरतो हे खरं, पण चुलीतला कोळसा म्हणजे तो नव्हे. सक्रिय कोळसा ८०० अंशांच्या वर वाफेने किंवा आम्लाची प्रक्रिया करून बनवतात. वाफेचा कोळसा वास आणि रंग उत्तम काढतो, धातू मात्र तितके धरत नाही. त्यासाठी पृष्ठभागावर आम्लधर्मी गट (धातू पकडणारे रासायनिक गट) असलेला कोळसा लागतो. विक्रेत्याकडे धातूंच्या चाचणीचा अहवाल मागा. वास गेला म्हणून पाणी शुद्ध झालं असं धरू नका, इथेच बहुतेकांची फसगत होते.

एकरभर शेताला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. एवढं पाणी कोळशातून गाळणं परवडत नाही. हा उपाय रोपवाटिकेपुरता ठेवा. आधी गाळ बसू द्या, मग वाळू, मग कोळसा. ड्रममध्ये १०० लिटर कोळसा असेल तर तासाला ३०० लिटरच सोडा, म्हणजे पाण्याला २० मिनिटं मिळतात. सामू ५ ते ६ च्या आसपास बरा. फार आम्लयुक्त पाण्यात शिसं, कॅडमियम कोळशाला नीट चिकटत नाहीत, पण सामू खाली आणायला म्हणून शेतावर आम्ल हाताळू नका. गाळलेलं पाणी पुन्हा तपासा, कारण धातूंनी भरून गेलेला कोळसा दिसायला तसाच असतो.

वापरलेला कोळसा उकिरड्यात, शेणखतात टाकू नका, जाळूही नका. बंद पिंपात ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला विचारा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत.

मुख्य शेतात यंदा पालेभाजी टाळून झेंडू घ्या. जनावरांचा चाराही या पाण्यावर नको.