यूएन मिशनला निघताय? मग बॅगेआधी तब्येतीचं बघा

यूएनच्या शांतिसेनेत साऊथ सुदानला नाव लागलंय, घरी पेढे वाटून झाले, आता तयारीला लागा पोरांनो. सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस, कारण तिचं सर्टिफिकेट टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा टोचली की जन्मभर चालते, सर्टिफिकेटचं पिवळं बुकलेट पासपोर्टसोबतच ठेवा. टायफॉइड, हेपॅटायटिस, मेनिंजायटिस, धनुर्वात यातलं काय राहिलंय ते एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) बघून घ्या.

खरी डोकेदुखी मलेरिया. तिकडे फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया जास्त, तो मेंदूपर्यंत जातो. गोळी कुठली ते आरएमओ साहेब (युनिटचे डॉक्टर) ठरवतील, पण डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) मिळाली तर निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परत आल्यावरही 4 आठवडे चालूच, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको, घेऊन लगेच आडवं झालात तर छातीत जळजळ होणार, आणि उन्हात कातडी लवकर भाजते म्हणून बाह्या खाली. फॉल-इनमध्ये (सगळे रांगेत उभे असताना) गोळी गालात धरून नंतर थुंकणारे महाभाग असतातच, सेक्शन कमांडरनं समोर गिळायला लावावी, त्यात लाज कसली? दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये बर्मा फ्रंटवर एका जखमीमागे 120 आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती, तिथल्या ब्रिटिश फौजेच्या जनरल स्लिमनं जवानांना गोळी देण्यात ढिलाई करणारे तीन सीओ (युनिटचे प्रमुख अधिकारी) काढले तेव्हा बाकीचे सरळ झाले.

मच्छरदाणी औषध लावलेलीच हवी, अंधार पडायच्या आत गादीखाली खोचायची, सुई-दोरा जवळ ठेवा, छोटं भोकसुद्धा डासाला पुरतं. सनस्क्रीन आधी, डासांचं क्रीम त्यावर.

पाणी क्लोरीनवालंच, टॅब्लेट टाकून अर्धा तास थांबायचं, तहान लागली म्हणून मधेच प्यायचं नाही. जुलाब लागले तर मनानं गोळी न घेता सिक रिपोर्ट करा (आजारी असल्याचं कळवून डॉक्टरकडे जा), लंगरवाल्याला लागले तर त्याला स्वयंपाकातून आधी बाजूला करा. आणि संडासाची ड्युटी कुणालाच नको असते हे माहितीये, तरी टँकरवाला मैला कुठे ओततो ते स्वतः जाऊन बघा. हैतीत 2010 मध्ये यूएनच्याच कॅम्पची घाण नदीत गेली, कॉलरा पसरला, पुढच्या काही वर्षांत जवळपास 10,000 माणसं गेली. मदतीला गेलेल्यांमुळे!

सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, गावातल्या डॉक्टरला आफ्रिकेतून आलोय हे आधी सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या, नाहीतर तो व्हायरल समजून क्रोसिन देऊन घरी पाठवेल.